साडेतीन फूट पलीकडे

“माया सोड, पोरी, माया सोड! जास्त झालं तर आत दुमडता येतं. कमी पडलं तर काय स्वतःचं कातडं जोडणारेस?”

शिवणवर्गातल्या बाईंचा हा आवाज सूनबाईंच्या कानात तीस वर्षं मुक्कामाला होता. माया म्हणजे शिवणीच्या आत राहणारं जास्तीचं कापड. ते सोडल्याशिवाय त्यांनी आजवर साधी उशीची खोळही बेतली नव्हती. त्यामुळे टेप घेऊन त्या फाटकाच्या जागेचं माप घ्यायला उभ्या राहिल्या, जागा बरोबर दहा फूट भरली, आणि त्यांनी कागदावर लिहिलं, ‘अकरा’. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. हातानं आपोआप लिहिलं, डोक्याला विचारलंही नाही.

गेटची घाई होती ती सासूबाईंसाठी. न्हाणीघरात घसरून त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. शस्त्रक्रिया झाली, दोन महिने दवाखान्यात व्यायाम झाले, आणि आता पंधरा दिवसांनी, रविवारी अकरा वाजता, दवाखान्याची गाडी त्यांना चाकांच्या खुर्चीसकट घरी सोडणार होती. ह्या गाडीला मागे उतरती फळी होती. गाडी उलटी घेत थेट ओट्याला लावली, की खुर्ची फळीवरून अलगद ओट्यावर येणार. पण फाटकापासून ओट्यापर्यंत खडीचा चढ, आणि जुन्या फाटकाची दोन्ही दारं आत उघडणारी. चढाला लागून ती अर्ध्यातच अडकत. मधून स्कूटर जाई, गाडी नाही.

“त्यात काय एवढं?” मुलानं दवाखान्यात म्हणून पाहिलं होतं. “रस्त्यावर उतरवू आणि चौघं मिळून उचलून आणू तुला.”

“चौघांनी उचलून न्यायचा एक दिवस ठरलेला असतो,” सासूबाई म्हणाल्या होत्या. “तो अजून आलेला नाही. मी माझ्या घरात बसून येईन, ताठ बसून. नाहीतर इथेच राहीन. इथली नर्स बरी आहे, तुमच्यासारखे सल्ले देत नाही.”

आणि त्या खरंच राहिल्या असत्या. त्यांचा शब्द म्हणजे शब्द, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

म्हणून सरकतं गेट. सूनबाई आणि त्यांचे यजमान गेटवाल्याच्या कारखान्यात गेले. गेटवाला एका हातानं फोनवर भांडत होता आणि दुसऱ्या हातानं नमुने दाखवत होता.

“उभ्या पट्ट्या की आडव्या, ताई?”

“आडव्या नकोत. मुलं चढतात.”

“जाळीचं?”

“आतलं सगळं दिसतं.”

“मग अख्ख्या पत्र्याचं घ्या.”

“बाहेरचं काहीच दिसत नाही.”

गेटवाल्यानं फोन बंद केला आणि प्रथमच त्यांच्याकडे नीट पाहिलं. “ताई, गेट पाहिजे की खिडकी?”

शेवटी उभ्या पट्ट्यांचं ठरलं, खाली रुळावर चालणारं. “एका बोटानं सरकेल,” गेटवाला म्हणाला. “मागे भिंतीलगत सरकायला जागा आहे ना पण?”

“आहे की. साडेदहा फूट. मोजलीय मी.” आणि हे अगदी खरं होतं. गेट दहाचं, जागा साडेदहाची. त्या जादा फुटाचं काय, हा विचार त्यांच्या मनात आला नाही. तो वेळ आली की आत दुमडला जाणार होता. कापडात तरी तसंच होतं.

मापाचा कागद यजमानांच्या खिशात होता. यजमान छापखान्यात. कडा कापण्यासाठी चारी बाजूंनी समास सोडल्याशिवाय तिथे एकही कागद यंत्राखाली जात नसे. बायकोनं नेमकं माप लिहिलं असणार, असं समजून त्यांनी ‘अकरा’चे ‘बारा’ केले आणि कागद गेटवाल्याला दिला. गेटवाल्याला गिऱ्हाइकांचा वीस वर्षांचा अनुभव होता. गिऱ्हाईक नेहमी कमीच मोजतं, शिवाय गेट बंद असताना भिंतीमागे थोडं शेपूट लागतं, म्हणून त्यानं पुढे लिहिलं, ‘चौदा’. जागा बघायला येतो म्हणाला होता, पण “ताईंनी मोजलीय ना,” म्हणून राहून गेलं.

चूक अशी कुणाचीच नव्हती. काळजी मात्र तिघांची होती.

शनिवारी दुपारी गेट बसलं. दिसायला देखणं. गेटवाल्यानं खरोखरच एका बोटानं ते ढकललं. रुळावरून घरंगळत गेलं, आणि कोपऱ्यातल्या शेजारच्या भिंतीवर ‘ठण्ण’ करून थांबलं. साडेतीन फूट गेट अजून वाटेतच उभं होतं.

“अजून ढकला,” यजमान म्हणाले.

“कुठे ढकलू? भिंतीत?”

सूनबाईंनी टेप काढला. उरलेली वाट साडेसहा फूट भरली. त्यांनी पुन्हा मोजलं, ह्या वेळी काहीही न सोडता. साडेसहाच. दवाखान्यात फोन लावला, तर गाडीचा ड्रायव्हर म्हणाला, “आरशांसकट सात फूट गाडी आहे, बाई. आरसे मिटले तरी एवढ्या गल्लीत उलटी घ्यायची म्हणजे नऊ तरी पाहिजेतच. नसेल जमत तर पुढची तारीख बारा दिवसांनी. पण आजींचा पलंग उद्या दुसऱ्यांना दिलाय.”

“कापा हो ते,” सूनबाई गेटवाल्याला म्हणाल्या. “कात्री कशाला ठेवलीय तुम्ही?”

“ताई, नुसतं कापलं तर चौकट उघडी पडेल, गेट पिळवटेल. कापून परत जोडायला वेल्डिंगचं मशीन पाहिजे, ते दुसऱ्या कामावर अडकलंय. मंगळवारी आणतो.”

“मग उचलून बाजूला ठेवा.”

“बसवायला आठ माणसं होती. ती गेली. उद्या रविवार.” गेटवाला डोकं खाजवत भिंतीकडे पाहत राहिला. “एकच होईल. ह्या भिंतीला वरपासून खालपर्यंत वीतभर रुंद फट पाडली, तर गेट पलीकडे जाईल. मागचं चाक बोल्टावर आहे, पुढे घेतो. शेपूट अधांतरी जाईल, रूळसुद्धा नको. तासाभराचं काम. फक्त पलीकडच्यांना विचारून या.”

नवरा-बायकोनं एकमेकांकडे पाहिलं. पलीकडे हेडबाई राहत होत्या.

हेडबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. एके काळी त्यांचा आणि सासूबाईंचा सकाळचा चहा एकत्र होई, एक दिवस ह्या ओट्यावर, एक दिवस त्या. आठ वर्षांपूर्वी हेडबाईंच्या झाडाची पानं इकडे पडतात, यावरून बोलाचाली झाली. सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावून भिंत दोन थर उंच केली. पानं पडायची ती पडतच राहिली. चहा तेवढा थांबला.

“तुम्ही जा,” सूनबाई म्हणाल्या. “तुमच्या बाई आहेत त्या.”

“म्हणूनच नको!” यजमान चौपन्न वर्षांचे होते, पण तिसरीत ते हेडबाईंच्या वर्गात होते. “तू चल बरोबर. आणि तो गेटवालाही येऊ दे.”

बेल दाबली, ती वाजली नाही. दार ठोठावलं. हेडबाईंनी उघडलं.

“बेल बिघडलीय,” त्या म्हणाल्या. “दुरुस्त करण्यासारखं काही कारण पडलं नाही. बोल.”

यजमानांनी हाताची घडी घातली. कुणी सांगितलं नव्हतं. “बाई, ते आमचं गेट... जरासं... आपल्या अंगणात...”

“किती?”

“साडेतीन फूट, बाई.”

“कसे आले?”

“मोठं झालं, बाई.”

“उत्तर नको. रीत सांग.”

मग दारातच रीत सांगणं झालं. सूनबाईंनी आपला एक फूट कबूल केला. यजमानांनी खालच्या मानेनं आपला एक फूट कबूल केला, तेव्हा सूनबाई त्यांच्याकडे वळून म्हणाल्या, “तुम्ही? अहो, मी सोडली होती ना माया!” गेटवाला, “त्यात माझे फक्त दोन,” असं पुटपुटला. हेडबाईंनी बोटांवर बेरीज केली.

“तिघंही हुशार,” त्या म्हणाल्या. “एक जरी ढ असता तरी गेट नीट बसलं असतं.” मग त्यांनी विचारलं, “कधी येतेय ती?”

“उद्या अकराला. उचलून आणलेलं चालणार नाही म्हणाली. ताठ बसून येणार. नाही जमलं तर येणारच नाही.”

हेडबाईंनी भिंतीच्या त्या दोन उंच थरांकडे पाहिलं. “पाडा फट,” त्या म्हणाल्या. “पण माझ्या अंगणात लोखंड घुसायच्या आधी मला कळलं पाहिजे. भिंतीवरून हाका मारायच्या नाहीत, फोन करायचा नाही. तुमच्या घरातल्या माणसानं दारात यायचं, तोंडानं सांगायचं. दर वेळी. आहे कबूल?”

“हो, बाई.”

“वचन?”

“वचन, बाई.”

“हात सोड आता. मोठा झालास.”

रविवारी अकराला पाच कमी असताना यजमान धावत जाऊन सांगून आले. गेट सरकलं, फटीतून सुळकन पलीकडे गेलं. गाडी एका दमात उलटी आत आली, फळी ओट्याला टेकली आणि सासूबाई ताठ बसून आपल्या घरी उतरल्या. सूनबाईंनी हळूच डोळे पुसले. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, “माझ्या भिंतीला काय झालं?”

“हवा खेळती राहावी म्हणून, आई,” यजमान म्हणाले.

“गेट कुठे गेलंय?”

“हवेलाच.”

सासूबाई नुसत्या बघत राहिल्या. त्या बघत राहिल्या की घरात कुणाचंही खोटं फार वेळ उभं राहत नसे. दोन मिनिटांत सगळं बाहेर आलं, दहा, अकरा, बारा, चौदा आणि वचनसुद्धा.

“कुणी दिलं वचन?”

“मी. म्हणजे, आपल्या घरातर्फे.”

“घर कुणाच्या नावावर आहे?”

“तुझ्या.”

“मग वचन माझं झालं,” सासूबाई म्हणाल्या. “मला न विचारता मला बांधून टाकलंत. चालता येईपर्यंत तू जात जा. नंतर मी बघीन.” आणि भिंतीकडे पाठ करून बसल्या.

सोमवारी सकाळी सूनबाई ओट्यावर काजं करत होत्या. शेजारी खुर्चीत सासूबाई. गेट बंद होतं, म्हणून फट रिकामी होती. त्या फटीत एक डोळा आणि अर्धा चष्मा दिसू लागला.

“पाय कसा आहे?” फटीतून आवाज आला.

सासूबाईंनी मान न वळवता म्हटलं, “सूनबाई, सांग त्यांना. खुबा मोडलाय, पाय नव्हे.”

“सूनबाई, विचार तिला, व्यायाम करते का?”

“सूनबाई, सांग, दोन वेळा करते म्हणावं. शाळेत असल्यासारखा.”

“सूनबाई, विचार तिला, पाठ टेकून करते की नाही? नाहीतर उपयोग नाही म्हणावं.”

दहा फुटांच्या अंतरात सूनबाईंची मान इकडून तिकडे फिरून दुखायला लागली. दोरा संपल्याचं निमित्त करून त्या आत गेल्या. पाच मिनिटांनी बाहेर येऊन पाहतात तो बोलणं चालूच होतं. मधलं माणूस उठून गेलेलं दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

मंगळवारी गेटवाला मशीन घेऊन आला. “चला आजी, कापून टाकू साडेतीन फूट. फटही बुजवून देतो, गवंडी आणलाय.”

“कापायचं नाही,” सासूबाई म्हणाल्या.

“का हो?”

“कापलेलं लोखंड गंजतं.”

“वरून रंग देतो की.”

“रंग उडतो.”

“अहो, पण ते त्यांच्या अंगणात...”

“आमची तक्रार नाही,” फट म्हणाली.

गेटवाल्यानं एकदा ओट्याकडे पाहिलं, एकदा भिंतीकडे पाहिलं आणि मशीन परत टेम्पोत चढवलं. वीस वर्षांच्या अनुभवात हे गिऱ्हाईक बसत नव्हतं.

महिनाभर यजमान इमानानं शेजारी सांगून येत राहिले. दर सोमवारी व्यायाम शिकवणारी बाई गाडीनं येई, तेव्हा गेट पूर्ण उघडावं लागे. तोवर सासूबाई खुर्चीतून उठल्या, चार पायांच्या वॉकरच्या चौकटीला धरून खोलीत चालल्या, मग ओट्यावर चालल्या. यजमानांनी खडीच्या चढावर फरश्यांची वाट टाकून दिली.

गुरुवारी सकाळी सूनबाई मशीनवर बसल्या होत्या. गणवेशाच्या बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या. बाहेर फरशीवर चौकटीची टक-टक ऐकू आली म्हणून त्यांनी खिडकीतून पाहिलं. सासूबाई वेणीफणी करून, धुतलेलं नेसून, फाटकापर्यंत पोचल्या होत्या. एका बोटानं त्यांनी गेट माणूस जाईल इतकंच सरकवलं.

“आई! एकट्या कुठे निघालात?”

“शेजारी. कळवायला. वचन आहे ना माझं?”

“अहो, पण आज सोमवार नाही. आज कुठलीच गाडी यायची नाही. गेट पलीकडे जाणारच नाही आज!”

“ठाऊक आहे,” सासूबाई म्हणाल्या. “तेच सांगून येते.”

आणि चौकट पुढे ठेवत, एक पाऊल, मग दुसरं, अशा त्या हेडबाईंच्या दाराकडे हळूहळू चालू लागल्या.