शिगोशीग वाटी

बिहीच्या बियांची वाटी शेजारच्या खोसियत खालांकडे गेल्याचं नोदिराला कळलं, तेव्हा तिच्या पायाखालची जमीनच सरकली.

"आई, माझ्या प्रबंधाच्या बिया होत्या त्या!"

"अगं, नातू खोकून खोकून बेजार झालाय तिचा," सासूबाई सालोमत म्हणाल्या. "चमचाभर भिजवेल, वाटी परत आणेल."

बिही हे सफरचंदासारखं तुरट फळ; त्याच्या बिया भिजवल्या की जो बुळबुळीत चीक सुटतो, तो ताश्कंदमध्ये घरोघरी खोकल्यावर देतात. नोदिराचा अभ्यास त्या चिकाचाच होता. त्यातल्या साखरेच्या लांबलचक साखळ्या कशा गुंफल्यात, ते एनएमआर यंत्राच्या चुंबकात घालून पाहायचं होतं. संस्थेत यंत्र एक आणि रांगेत सगळा गाव. पुढच्या आठवड्यात तिचा नंबर होता. तो हुकला तर प्रबंध वर्षभर लांबणार होता. बिया अंगणातल्या झाडाच्या होत्या, आणि त्या झाडावर आता एकही फळ उरलं नव्हतं.

तेवढ्यात खाला आल्या. वाटी शिगोशीग भरलेली.

"भांडं रिकामं कसं परत करायचं, पोरी? घरात होत्या, घातल्या."

नोदिरा मटकन खाली बसली. "खाला, मला एकाच झाडाच्या हव्या होत्या हो! आता सगळी सरमिसळ झाली."

"बी ती बी. कोणाला कळतंय?"

"यंत्राला कळतं! झाड वेगळं असलं की आलेख वेगळा येतो. सगळं बाहेर पडतं."

"सगळं?" खालांचा चेहरा खर्रकन उतरला. "मग नको बाई घालूस यंत्रात!"

इकडे सासूबाईंनी चष्मा चढवून वाटी ताटात उपडी केली होती. जाड बिया आपल्या, बारीक बिया खोसियतच्या, असा निवाडा चालू झाला. ढीग होईनात, पण सासूबाई हटेनात. शेवटी खालांनाच राहवेना.

"आपा, उगाच डोळे फोडू नका. सगळ्या तुमच्याच आहेत."

"म्हणजे?"

"आमच्या झाडाला फळ कुठं धरतंय? तुमची ती फांदी भिंतीवरून आमच्याकडे वाकलीय. मी आपली... हात वर करते."

नोदिराने उठून खालांचे दोन्ही गाल चुंबले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "खाला, वाचवलंत मला!"

सासूबाईंचा चष्मा मात्र नाकावर घसरला. "म्हणजे दर वर्षी तू मला मुरंबा पाठवतेस, आणि मी तुझ्या झाडाचं कौतुक करते, तो..."

"साखर माझी असते, आपा," खाला हळूच म्हणाल्या.

आलेख स्वच्छ आला, एकाच झाडाचा. प्रबंध वेळेवर पुरा झाला. शेवटच्या पानावर नोदिराने मार्गदर्शकांच्याही आधी शेजारणीचे आभार मानले आणि ते अगदी मनापासून मानले. काय लिहावं यावर मात्र तिचं बराच वेळ अडलं होतं. शेवटी सासूबाईंनीच वाक्य सांगितलं:

"फळं गोळा करण्याचं काम वर्षानुवर्षं, कोणाच्याही नकळत केल्याबद्दल."