पाणसळीची मोहीम आणि वांकड्या महालाची फत्ते

श्री.

हुजुरांचे सेवेसी लेखनकारकुनाची विज्ञापना ऐसी जे, आज्ञा जाहली होती कीं चष्मेवाले यांनीं उतारवयांत चाकांवरील फिरता महाल, म्हणजे आंत बिछाना आणि चूल असलेली मोटारगाडी, खरेदी केला, तो घेऊन तळ्याकांठीं महालकऱ्यांचे छावणींत मुक्काम केला, तेथें मोठी गर्दी उसळली, भांडींकुंडीं कामास आलीं आणि अखेर फत्ते कैसी जाहली, हा मजकूर साद्यंत लिहून पाठवावा. त्यावरून जें डोळां देखिलें आणि जें शेजारचे खुर्चीवरून कानीं आलें, तें येथें लिहिलें आहे. यांत पदरचें घातलें असेल तर तें मिठाइतकें आहे, आणि मिठावांचून हकीकत गळ्याखालीं उतरत नाहीं हें हुजूर जाणतातच.

पूर्वीं चष्मेवाले बाजारपेठेंत चष्म्यांचें दुकान बाळगून होते. हुन्नर थोर. गिऱ्हाइकास खुर्चींत बसवावें, नाकावर लोखंडी चौकट चढवावी, एक कांच घालावी, मग ती काढून दुसरी घालावी आणि सौम्य आवाजें सवाल करावा, "हे बरं की हे?" उभी हयात या एका सवालावर गुजरली. सवय हाडींमाशीं ऐसी खिळली कीं घरीं पडदे घेतां, भाजी निवडतां, पोरांचीं नांवें ठेवितां हाच सवाल. आणि त्यांचें कुटुंब, शाळेंत भूगोल शिकवणाऱ्या मास्तरीणबाई, यांचा जबाब साऱ्या संसारांत एकच, "दोन्ही सारखंच."

मग वय जाहलें, दुकान दुसऱ्याचे हवालीं केलें, बाईंची शाळाही सुटली, मुलें परमुलखीं स्थायिक जाहलीं, आणि घोरण्याचें निमित्त होऊन घरांत दोन सुभे पडले. पुढली खोली बाईंकडे, मागली खाशांकडे, म्हणजे चष्मेवाले यांजकडे, मध्यें बोळ. दोन टीव्ही, दोन रिमोट, दोन पंखे. चहा जाहला कीं स्वयंपाकघरांतून फोनवर खलिता सुटे, "चहा." मागले खोलींतून उलट खलिता येई, "आलो." कधीं तोही नाहीं, नुसता अंगठा. भांडण म्हणावें तर तेंही नव्हतें. भांडण असतें तर बोलणें तरी असतें. हें दुःख खाशांचे पोटीं फार होतें. महालांत खोली एकच आणि बिछाना एकच, हें पाहून त्यांनीं महाल घेतला. परंतु हा मनसुबा त्यांनीं कोणासही कळों दिला नाहीं. बाईंस इतकेंच सांगितलें कीं हवापालट होईल.

बाईंनीं महाल चहूंबाजूंनीं पाहिला, दार उघडून आंत डोकावल्या आणि त्याचें नामकरण केलें, "डबा." मग फर्मान सोडिलें कीं, "भूगोल मी शिकवला आणि फिरायची हौस तुम्हाला. ठीक आहे. एक रात्र राहीन. सकाळी मी नको म्हटलं की डबा विकायचा, आणि मग तोंड वाकडं करायचं नाही." खाशांनीं करार मान्य केला. मान्य न करून सांगतात कोणास?

मग सुमुहूर्त म्हणजे शनिवार पाहून स्वारी निघाली. उशा घेतल्या, पांघरुणें घेतलीं, गॅसची टाकी घेतली, आणि बाईंनीं आपला खासगी कप कागदांत गुंडाळून घेतला. त्या कपावर साऱ्या पृथ्वीचा नकाशा छापिला होता. शाळा सोडितेवेळीं शेवटचे वर्गानें तो त्यांस नजर केला होता, आणि दुसऱ्या कपांतला चहा त्यांस गोड लागत नसे. मग वळणें घेत, मागून भोंगे खात, पेट्रोलपंपाचें छप्पर थोडक्यांत वांचवीत स्वारी तळ्याकांठीं दाखल जाहली.

त्या छावणीचा कायदा हुजुरांस कळावा. नवा महालकरी आला कीं जुन्यांनीं घडीच्या खुर्च्या बाहेर मांडाव्या, हातीं चहा घ्यावा आणि तो महाल मागें घेऊन जागेवर कैसा लावितो हें पाहावें. सल्ला फुकट, आणि घेणाऱ्यास नाकारण्याची मुभा नाहीं. छावणीचे सरलष्कर डिझेलकाका, ज्यांनीं उभा जन्म सरकारी बस हांकिली. दुसरे मातबर दंतवैद्य, ज्यांचे महालास सूर्यशक्तीचे पत्रे, आपोआप उघडणारी पायरी आणि आंत दुसरा दंतवैद्य बसेल इतकी हत्यारांची पेटी. तिसऱ्या शिवणवाल्या वहिनी, ज्यांचे हातचे छत आणि पडदे निम्म्या छावणीस होते, त्यामुळें निम्मी छावणी त्यांना दबून होती.

खाशांनीं बाईंस मागें उभें राहून दिशा दाखविण्याचे कामीं नेमिलें. बाई वर्गावर उभें राहण्याचे संवयीनें बरोबर मध्यभागीं, हाताची घडी घालून उभ्या ठाकल्या, जेथें कोणत्याही आरशांत त्या दिसणें शक्य नव्हतें. मग डिझेलकाका वदले, "येऊ द्या, येऊ द्या," आणि दंतवैद्य वदले, "डावीकडे, अहो तुमच्या डावीकडे," आणि वहिनी वदल्या, "झाड आहे हो मागे." खाशांनीं तिघांचेंही ऐकिलें. महाल सापासारखा वळवळला, पुढें आला, मागें गेला, आणि अखेर झाडापासून वीतभर अंतरावर थांबला. बाई म्हणाल्या, "मी केव्हाची थांबा म्हणते आहे." तें कोणासही ऐकूं आलें नव्हतें.

येथवर जें जाहलें ती चकमक. खरी लढाई पुढें आहे.

महाल लागला तो एके बाजूस कलला होता, कारण जमीन तैसीच होती. छावणींत कललेला महाल म्हणजे अब्रूचा प्रश्न. चाकाखालीं पिवळ्या पाचरी द्याव्या, महाल चढवावा, आणि पाणसळ, म्हणजे कांचेचे नळींत बुडबुडा असलेली पट्टी, ठेवून बुडबुडा मध्यावर आणावा, ऐसी रीत. तोंवर कोणीं टेकायचें नाहीं. आणि चष्मेवाले तो पुरुष, जो परक्याचे घरीं भिंतीवरील तसबीर केसभर तिरकी दिसली तर यजमान पाणी आणावयास वळतांच उठून सरळ करी. त्यांचे अंगीं वीरश्री संचरली.

त्यांनीं आपली पाणसळ जेवणाचे मेजावर ठेविली. दंतवैद्य आपली घेऊन आले आणि म्हणाले कीं मेजावर भरंवसा नको, फरशीवर ठेवा. डिझेलकाका म्हणाले, "पाणसळ कसली? वाटीत पाणी घ्या." वहिनी दारांतून एक डोळा मिटून पाहत म्हणाल्या कीं मला तर उजवीकडून जास्त वाटतंय. मग एक पाणसळ कपाटाचे फळीवर ठेवावी ऐसा ठराव होऊन खाशांनीं कपाटाच्या कड्या काढिल्या. तिन्ही जागीं बुडबुडा तीन ठिकाणीं. पाचर घातली, काढिली, उलटी घातली, दुसऱ्या चाकास दिली. आणि दर पाचरेस खासे खिडकींतून मान काढून सर्वांस पुसत, "हे बरं की हे?" एक म्हणे पहिलें, दुसरा म्हणे दुसरें, तिसरा म्हणे मघांचें काय वाईट होतें. बाईंसही पुसलें. बाई पायरीवर बसल्या होत्या, चहाची आशा सोडिली होती. म्हणाल्या, "दोन्ही सारखंच."

ऊन उतरलें, खुर्च्या वाढल्या, लांबच्या महालांतूनही मंडळी आली. घरचें कार्य असावें तैसा थाट. तेव्हां दंतवैद्य जमिनीस गाल लावून चाक पाहत होते, ते ओरडले, "बास, आता केसभर फक्त." खाशांनीं केसभर म्हणून गाडीचे दट्ट्यावर पाय दाबिला. परंतु केसभर हें माप डोळ्याचे कामाचें आहे, पायाचे नाहीं. चाक पाचर चढून पलीकडे धाडकन् उतरलें. महाल हादरला, आणि ज्या कपाटाच्या कड्या पाणसळीपायीं काढिल्या होत्या त्याचीं दारें सताड उघडून आंतील फौज एकदम खालीं कोसळली. बशा पडल्या, वाट्या पडल्या, साखरेचा डबा पालथा जाहला, आणि त्या गर्दींत पृथ्वीचा कप पडला. सातही खंडें सात दिशांस गेलीं. बाईंनीं वर्गांत शिकविलेले महासागर कोठें होते तें ओळखूं येईना.

 बाई आंत आल्या, खालीं बसल्या, तुकडे ओंजळींत गोळा केले. रागावल्या नाहींत, तेंच वाईट. हळूच म्हणाल्या, "चला, घरी जाऊ या. सकाळपर्यंत कशाला थांबायचं?"

खाशांचे पायांखालची जमीन सरकली. मोहीम गेली, महाल गेला, आणि उद्यांपासून पुन्हा तोच बोळ आणि तोच अंगठा. इकडे दारीं मसलत चालूच होती. दंतवैद्य म्हणत होते कीं तुकडे द्या, आमच्याकडचें सिमेंट दातांस जन्मभर धरितें. डिझेलकाका म्हणत होते कीं आतां जॅक लावूं या. वहिनी झाडू घेऊन येत होत्या. माणसें मनानें चांगलीं. पण इतकीं चांगलीं माणसें एका दारांत मावत नाहींत.

तेव्हां चष्मेवाले उठले, दारांत उभे राहिले आणि जन्मांत प्रथमच कोणास कांहीं न पुसतां हुकूम दिला कीं, "सगळ्यांचे आभार. आता सगळ्यांनी आपापल्या गाडीत जा. ही गाडी वाकडीच राहील."

ऐसें बोलणें त्या छावणींत पूर्वीं कोणी ऐकिलें नव्हतें. डिझेलकाकांनीं पाणी भरलेली वाटी तशीच हातीं धरून माघार घेतली. एकेक करून खुर्च्या मिटल्या. खाशांनीं दार लाविलें, पाणसळ कपाटांत टाकिली, कड्या घातल्या, आणि मग स्वतः बसून साखर भरूं लागले. बाई पाहत होत्या.

"तुम्हाला झोप लागेल का वाकड्यात?" बाईंनीं पुसलें.

"नाही लागली तर जागा राहीन. पण घरी नको गं जाऊ या." मग खालीं मान घालून, साखरेंतील कांच निवडीत, जो मनसुबा त्यांनीं कोणास सांगितला नव्हता तो सांगून टाकिला, "मला त्या मागल्या खोलीत करमत नाही. हवापालट वगैरे सगळं उगीच. इथे खोली एकच आहे, म्हणून घेतला डबा."

 ओंजळींतील पृथ्वी बाईंनीं एका रुमालांत बांधिली आणि म्हणाल्या, "ती साखर आता टाकून द्या. काच पोटात गेली म्हणजे?" घरीं जाण्याचा विषय त्या दिवशीं पुन्हा निघाला नाहीं.

रात्रीचा मजकूर लिहिणारास ठाऊक नाहीं, आणि ठाऊक असता तरी लिहिला नसता. इतकेंच खरें कीं बिछान्याचा उतार भिंतीकडे होता आणि भिंतीकडे खासे निजले होते. महालांत जें जें बांधिलेलें नव्हतें तें तें सकाळपावेतों त्या अंगास जाऊन लागलें होतें. उशा गेल्या, सपाता गेल्या, आणि बाईही गेल्या.

उजाडतांच छावणीनें नव्या दमानें चाल केली. डिझेलकाका जॅक घेऊन आले, दंतवैद्य तीन पाणसळी घेऊन आले, वहिनी नवे पाचरीचे मापाची लाकडी फळी घेऊन आल्या. दार उघडलें तों समोर मास्तरीणबाई, हाताची घडी घालून, तशाच ज्या आदल्या दिवशीं आरशांत दिसल्या नव्हत्या. या वेळेस सर्वांस दिसल्या. फर्मान जाहलें कीं, "कोणी चाकाला हात लावायचा नाही. चहा हवा असेल तर आपापले कप घेऊन या, आमच्याकडे एकच उरलाय." फौज जागेवरून फिरली, आणि कांहीं वेळानें खरोखरच कप घेऊन परतली.

उरलेला कप खाशांचा होता, पांढरा, दुकानाची जाहिरात छापिलेला. दोघें पायरीवर बसलीं. एक घोट ह्यांनीं, एक घोट त्यांनीं. बाई म्हणाल्या, "रात्रभर घसरत होते मी. दोनदा वर सरकले. मग म्हटलं, जाऊ दे."

 करार सकाळचा होता आणि सकाळ जाहली होती. सवाल कसा करावा हें खाशांस सुचेना, म्हणून जो एक सवाल येत होता तोच, दुकानांतल्याच सौम्य आवाजें केला, "घरचं बरं, की हे?"

बाईंनीं घाई केली नाहीं. खुर्चींतील चोखंदळ गिऱ्हाईक करितें तैसें आधीं तळ्याकडे पाहिलें, मग महालाकडे पाहिलें, मग खाशांकडे पाहिलें. खासे मनांतल्या मनांत "दोन्ही सारखंच" ऐकून चुकले होते.

"हे," बाई म्हणाल्या. मग कप त्यांचे हातीं देऊन म्हणाल्या, "घोरणं मात्र तसंच आहे हं."

येणेंप्रमाणें तळ्याकांठची मोहीम फत्ते जाहली. महाल राखिला, करार पाळिला, तोंड कोणाचेंही वांकडें जाहलें नाहीं. कामास आलीं तीं भांडीं, आणि त्यांतील पृथ्वी दंतवैद्यांनीं आपले सिमेंटानें जोडून दिली. दोन खंडें शेजारीं शेजारीं आलीं आहेत जीं पूर्वीं नव्हतीं, परंतु बाई म्हणतात, चालेल. हल्लीं छावणी कोठेंही पडो, खासे प्रथम पाणसळ काढितात आणि चाकाखालीं पाचर देतात, मात्र बुडबुडा मध्यावर येऊं देत नाहींत. कांचेचे नळीवर त्यांनीं दुकानांतील बारीक लेखणीनें एका अंगास एक रेघ मारिली आहे; बुडबुडा त्या रेघेस टेकला कीं हात झटकून उठतात. दंतवैद्यांनीं एकदां पुसलें कीं हें माप कोणत्या हिशेबानें काढिलें. चष्मेवाले यांनीं पाणसळ सदऱ्यास पुसून खिशांत घातली आणि सांगितलें, "आमच्या दोघांच्या नंबराचं आहे."