नवरीच्या बापाचं डोकं

"टॉवेल काढू नका," कमलबाई म्हणाली. "आधी दार लावते."

तिनं कडी घातली, खिडकीवरचा पडदा ओढला आणि मग मान हलवली. फुलसिंगनं डोक्यावरचा टॉवेल काढला. कमलबाईनं नवऱ्याचं डोकं समोरून पाहिलं, मग त्याला वळायला लावून मागून पाहिलं. बाहेर अंगणात लेकीच्या, निलमच्या लग्नाचा मांडव पडत होता. बांबू ठोकल्याचे आवाज येत होते.

"हिरवं हाय," ती म्हणाली.

"सगळं?"

"न्हाई. कानामागं तांबडं हाय."

फुलसिंग खाटेवर बसला. लग्न उद्यावर आलं होतं, आणि हे डोकं घेऊन त्याला पाहुण्यांसमोर उभं राहायचं होतं.

याची सुरुवात निलमच्या सुपारीच्या दिवशी झाली होती. नवऱ्या मुलाची आजी नानीबाई मुद्दाम त्यासाठी हट्ट्याजवळच्या या तांड्यावर आली होती. तिनं नातसुनेचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला, बोटं मोडली आणि पोरगी पसंत असल्याचं सांगितलं. मग लग्न कुठं आणि कसं करायचं ते फुलसिंग सांगू लागला. सांगता सांगता त्याला खोकला आला. वसमतला हळदीच्या पॉलिशच्या ढोलावर तो इतकी वर्षं काम करत होता की धूळ आणि खोकला दोन्ही त्याच्याबरोबर घरी येत. खोकला काही थांबेना. शेवटी नानीबाई मोठ्या मायेनं म्हणाली, "आजा, तुमी बसा आरामात. पोरीच्या बापाला बोलवा, त्यो बोलंल पुढचं."

सगळे हसले. नवरा मुलगा रणजीत तेवढा जमिनीकडे बघत राहिला. फुलसिंगही हसला, पण पाहुणे गेल्यावर त्यानं भिंतीवरचा आरसा काढून अंगणात उजेडाला नेला आणि बराच वेळ आपले पांढरे केस पाहिले.

"लग्नात फेटा बांधायचाच हाय की," कमलबाईनं समजूत घातली.

"आन व्याहीभेटीला?"

व्याहीभेटीत मुलाकडची माणसं मुलीच्या बापाचा फेटा उतरवून आपल्याकडचा नवा बांधत. तेवढा वेळ त्याचं डोकं साऱ्या मांडवासमोर उघडं राहणार होतं. शिवाय घरातली थोरली म्हणून नानीबाई त्याच उघड्या डोक्यावर हात ठेवणार होती.

"पुन्यांदा आजा म्हणली तर?" फुलसिंग म्हणाला. "लेकीचा बाप म्हणून उभं राहायचं, तर बाप दिसलं पाहिजे."

लग्नाला आठवडा उरला असताना त्यानं बाजारातून काळ्या रंगाची पुडी आणली. पुडीवर अर्धा तास ठेवा असं छापलेलं होतं. फुलसिंगला ते पटलं नाही. हळद ढोलात जितकी जास्त फिरवावी तितकी चमकते, हे त्याला कुणी छापून सांगायला नको होतं. त्यानं दुपारी रंग लावला आणि गुरांचं दूध काढायची वेळ झाल्यावर धुतला. केस काळे झाले. कपाळ, मान आणि दोन्ही कानांच्या पाळ्याही झाल्या. त्या काळ्यात निळसर झाक होती, तव्याच्या बुडाला असते तशी.

"लई टवटवीत दिसून राहिले," कमलबाई म्हणाली. तिनं तोंडाला पदर लावला होता.

असल्या डोक्यानं वसमतला जाणं शक्य नव्हतं. त्यानं इनायतला निरोप धाडला. इनायत त्याच ढोलावर त्याचा जोडीदार होता. त्यानं मालकाला सांगितलं की फुलसिंगला ताप आहे, आणि संध्याकाळी ताप बघायला स्वतः आला. दाढीला मेंदी लावणारा माणूस असल्यामुळे त्याला या विषयात गती होती.

"गोटा करून टाका, फुलसिंगभाई. झंझट खतम."

"लेकीच्या लग्नात गोटा?" कमलबाई आतून म्हणाली. "कोण गेलं म्हणून इचारतील लोक."

गोटा बाद झाला. मग फुलसिंगनं आपल्याला माहीत असलेला उपाय केला. हळद शिजवायच्या कढईची काजळी धुण्याच्या सोड्यानं निघते. काजळी निघते तर रंग का निघू नये? रंग थोडा निघाला. केसांतलं तेल मात्र सगळं निघालं आणि डोकं सुतळीसारखं झालं. कंगवा घातला की करकर वाजे.

निलमनं वसमतला ब्यूटी पार्लरचा कोर्स केला होता. तिला विचारलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण जिचा बाप दिसायचं तिलाच कसं विचारायचं, असं त्याला वाटलं. ती आईबरोबर बाजारात गेली असताना त्यानं तिच्या पेटीतलं ब्लीच काढलं. तोंड गोरं करायला म्हणून आणलेलं ते क्रीम त्यानं डोक्यावर थापलं. जिथं क्रीम जाड बसलं तिथं केस पितळेच्या रंगाचे झाले, पातळ बसलं तिथं विटकरी. हाताला आता सुतळीही लागेना. उसाचं वाळलेलं पाचट लागत होतं.

त्यानंतर मुलीला बांगड्या भरायला अमीरबी आली. ती इनायतची बायको. साऱ्या तांड्याच्या नवरी मुलींना तीच मेंदी लावी. फुलसिंगनं टॉवेल जरासा उचलून दाखवला.

"या अल्ला. भाईसाब, पहिले काय लावलं होतं?"

"काही न्हाई. उन्हानं झालं."

"उन्हानं?"

"लई ऊन पडून राहिलं औंदा."

अमीरबीनं कमलबाईकडे पाहिलं. कमलबाई छताकडे बघत होती. "पुडीचा रंग लावला असंल तर मी मेंदी लावत न्हाई, बराबर सांगा," अमीरबीनं बजावलं. फुलसिंगनं पुन्हा उन्हाचंच नाव घेतलं. मग तिनं मेंदी लावली. पुडीतल्या रंगाचं काहीतरी केसांत उरलं होतं, त्याची आणि मेंदीची गाठ पडली, आणि कमलबाईला दार लावून घ्यावं लागलं.

त्याच संध्याकाळी हळद होती. फुलसिंग टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात उभा राहिला. पण नवरीला हळद लागली की तिच्या बापाला सोडायचं नाही, असं तांड्यावरच्या बायकांनी ठरवलेलंच असतं. कुणीतरी टॉवेल ओढला. खाली काय आहे ते दिसण्याआधीच त्यावर वाडगंभर ओली हळद बसली.

"बरं झालं," त्याला न्हाणीत ढकलत कमलबाई म्हणाली. "हळदीखाली हिरवं कोणाला दिसलं न्हाई. आता पटकन धुऊन टाका."

न्हाणीत कपड्याचा साबण होता. फुलसिंगनं तो डोक्याला लावला आणि पांढरा फेस येईल अशी वाट पाहू लागला. फेस लाल आला. ओघळ लाल आले. त्यानं घाबरून डोकं चाचपलं, रक्त नव्हतं. आरशात पाहिलं तर केस कुंकवाचे झाले होते.

या वेळी कमलबाईनं कडी लावली नाही. तिनं निलमला हाक मारली.

अंगभर हळद माखलेली, हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या घातलेली निलम आली आणि दारातच थांबली.

"साबण लावला?"

"व्हय."

"बाबा, तुमचा कामाचा सदरा आई साबणात टाकती तवा काय होतं?"

फुलसिंगला सदरा आठवला. सारी उमर त्यानं हळदीच्या धुळीत काढली होती, आणि तो सदरा दर वेळी साबणाच्या पाण्यात लालभडक व्हायचा. वाळत घातला की पुन्हा पिवळा.

"डोक्याचं मनात आलं न्हाई," तो म्हणाला.

"चांगला केस असता तर एवढं धरलं नसतं. हा केस जळाला. पडंल तो रंग पिऊन राहिला." ती त्याच्या मागं पाटावर बसली. "काय काय लावलं ते सांगा. ऊन सोडून."

त्यानं सगळं सांगितलं, क्रमानं. पेटीतल्या ब्लीचपाशी आवाज खाली गेला.

"काहून केलं हे?" शेवटी तिनं विचारलं.

"तुझा बाप दिसावं म्हणून."

निलमच्या बांगड्या वाजल्या. मग तिनं लिंबं मागवली. पाण्यात पिळून तिनं ते पाणी त्याच्या डोक्यावरून सोडलं आणि कुंकू परत हळद झालं. टाळू चुरचुरली, त्यानं दात आवळले.

"आता नवा कोणता रंग?" कमलबाईनं विचारलं.

"कोणताच न्हाई. आता केसाला फक्त तेल, आन ऊन."

लग्न गोरज मुहूर्तावर होतं. त्यामुळे दुसऱ्या दिवशी नवरीचा बाप दुपारपर्यंत डोक्याला खोबरेल थापून गोठ्यामागच्या उन्हात बसला. उन्हात हळदीचा रंग उडतो, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हणूनच तर पोती झाकून ठेवतात. मग निलमनं कात्रीनं जळालेली टोकं कापली. हिरवं बरंचसं टोकांबरोबर गेलं. उरलं ते कसंनुसं मातकट होतं.

"बाप दिसून राहिलो का?" त्यानं विचारलं.

"माझाच दिसता," निलम म्हणाली. "आता फेटा बांधा."

व्याहीभेटीला मांडव गच्च भरला होता. मुलाकडच्यांनी फुलसिंगचा फेटा उतरवला. इनायतनं मागून हळूच दिव्याची माळ दुसरीकडे वळवली. रणजीतनं हात धरून आणलेली नानीबाई चाचपत पुढं आली आणि तिनं त्या उघड्या डोक्यावर हात ठेवला. हात थोडा वेळ तिथंच राहिला.

"डोकं पाचटावानी हाय की," ती म्हणाली. "कोण हे?"

"नवरीचा बाप," फुलसिंग म्हणाला.

"बाप व्हय. आज भेट झाली. त्या दिवशी आजाच बोलून राहिले होते, तुमी कुठं गेले होते?"

फुलसिंगनं वर पाहिलं. नानीबाईचे डोळे त्याच्या खांद्यावरून कुठंतरी पलीकडे लागले होते. दोन्ही बुबुळांवर दुधासारखी पांढरी साय होती.

"आजीला मोतीबिंदू हाय," रणजीत पुटपुटला. "आवाजावरून वळखती."

आठवडाभर फुलसिंग तोंड लपवून घरात बसला होता. आठवडाभर ढोलाची धूळ नाकात गेली नव्हती. आपण कधीपासून खोकललो नाही, हे आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

"आजा दिसला न्हाई कुठं," नानीबाई इकडेतिकडे कान देत म्हणाली. "लई खोकून राहिले होते बिचारे. हायेत ना?"

कमलबाईनं तोंडाला पदर लावला. निलम बापाकडे बघत होती.

"हाय," फुलसिंग म्हणाला. "धुळीची तकलीफ हाय त्याला. म्हणून न्हाई आला."

"आता बरं हाय का?"

"आता बरं हाय."

नानीबाईनं कनवटीची पिशवी सोडून ज्येष्ठमधाचं कांडकं काढलं आणि त्याच्या हातावर ठेवलं. "हे चघळायला द्या त्यांना. आन माझा राम राम सांगा."

"सांगतो."

मग तिनं नव्या फेट्याचं टोक स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर धरलं.

वरात निघाली, लेक गेली, मांडव रिकामा झाला. खुर्च्या उचलता उचलता कमलबाईला नवरा खांबाला टेकून बसलेला दिसला. फेटा डोक्यावर तसाच होता, डोळे ओले होते आणि गालात काहीतरी होतं.

"ते आजासाठी दिलं होतं," ती म्हणाली.

"त्यालाच देऊन राहिलो," फुलसिंग म्हणाला आणि कांडकं दुसऱ्या गालात सरकवलं.