भालेरावांची पिळणी

आमच्या सोसायटीतले भालेराव लिंबू पिळायच्या पिळणीशी आधी हस्तांदोलन करतात. तेही डाव्या हातानं, डोळे मिटून. दुकानात नवी पिळणी दिसली की तिच्या दोन्ही दांड्या मुठीत धरायच्या, चारपाच वेळा दाबायच्या, मान किंचित तिरकी करायची आणि स्वतःलाच विचारायचं, "हात काय म्हणतो?" हात बहुतेक वेळा नाहीच म्हणतो. मग पिळणी परत काउंटरवर.

हे मी कौतुकानं सांगतोय असं समजू नका. दोन वर्षं हा माणूस मला डोळ्यांसमोर नको होता. कारण सरबत.

माझं लहानपण उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं. मिसरूड फुटल्यापासून चौदा एप्रिलच्या भीमजयंतीचं सरबत माझ्याकडे. बर्फ सिंधी दुकानदार द्यायचे, साखर वर्गणीतून, आणि हात माझा. पिळणीबिळणी काही नाही, नुसती मूठ. ऐंशी लिंबं पिळून झाली की बोटांची आग आग व्हायची आणि त्या आगीचाही मला अभिमान होता. पुढे बदलापूरला सोनिवलीत फ्लॅट घेतला, तर तिथेही पहिल्याच जयंतीला सगळे म्हणाले, "मोरेभाऊ, सरबत तुमचं." मी नको नको म्हणालो, पण घरून निघतानाच बाह्या वर केल्या होत्या.

मग तिसऱ्या मजल्यावर भालेराव राहायला आले. अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले. बारीक अंगकाठी, खिशात कायम पट्टी आणि बोलणं मोजून. पत्नी आजारी असतात, खाली उतरत नाहीत, एवढंच सगळ्यांना माहीत. जयंतीच्या मीटिंगला ते हातात बाटली घेऊन आले आणि सगळ्यांना अर्धा अर्धा कप सरबत दिलं. नमुना म्हणे. मला दिलेला कप मी खिडकीतल्या तुळशीला घातला. बाकीच्यांनी कप चाटायचे तेवढे बाकी ठेवले. अध्यक्ष म्हणाले, "मोरेभाऊ, यंदा तुम्ही ग्लासवाटप बघा."

ग्लासवाटप! तीस वर्षांचा सरबतवाला मी, आणि मला कागदी ग्लास मोजायला बसवलं. वर आमची सुनंदा, माझी सख्खी बायको, त्या दिवशी तीन ग्लास प्यायली आणि म्हणाली, "एक बी नाही हो यात. तुमच्यात कशा बिया यायच्या!" मी एक थेंबही घेतला नाही. दुसऱ्या वर्षीही नाही. लोकांना सांगायचो, शुगरचा त्रास आहे. मला शुगर नाही. मी जळत होतो, आता लपवून काय करू.

भालेराव भेटतील तिथे पिळणीवरच बोलायचे. जिन्यात बोलायचे, पाण्याच्या टँकरपाशीसुद्धा बोलायचे. "मोरेभाऊ, प्लास्टिकची घेऊ नका, पहिल्याच उन्हाळ्यात बिजागरी जाते. अ‍ॅल्युमिनियमचं लिंबाशी पटत नाही, काळं पडतं. स्टील चांगलं, पण दांडी बारीक असली की तळव्याला रुतते." पिळणीलाच बाटलीचं झाकण उघडायची सोय असली तर त्यांना रागच येई. "तिला एक काम नीट करू द्या की!"

एकदा आमच्याकडे चहाला आले, तर सुनंदा पोह्यांवर लिंबू पिळत होती. अर्धं लिंबू तिनं पिळणीत सगळे ठेवतात तसंच ठेवलं, गोल बाजू खाली, वाटीत वाटी बसवल्यासारखी. भालेराव खुर्चीतून अर्धे उठले. "वहिनी, पालथं! लिंबू पालथं! कापलेली बाजू भोकांकडं!" तिनं पालथं ठेवलं. रस सरळ खाली आला, भिंतीवर उडाला नाही, डोळ्यातही नाही. सव्वीस वर्षांच्या संसारात तिनं माझं एकही म्हणणं पहिल्या फटक्यात ऐकलेलं नाही. त्यांचं ऐकलं. तेव्हापासून आमच्या घरात लिंबू कापलं की ती म्हणते, "पालथं," आणि पोहे मला गोड लागत नाहीत.

यंदा जयंतीच्या चार दिवस आधी भालेराव खाली भेटले ते पडेल चेहऱ्यानं. त्यांची पिळणी गेली होती. "खिळा बदलला असता हो, पण बिजागरीचा कानच तुटला." उल्हासनगरला नवी बघायला निघाले होते. मी म्हणालो, "चला, स्कूटरवर सोडतो." दया वगैरे नव्हती. यांची युक्ती काय आहे ते एकदा जवळून बघायचं होतं.

कॅम्प चारमध्ये आम्ही भांड्यांची पाच दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी तेच. डावा हात, डोळे बंद, "हात काय म्हणतो?" मी विचारलं, "तुम्ही डावरे का?" म्हणाले, "नाही," आणि पुढची पिळणी उचलली. पाचव्या दुकानातला सिंधी म्हातारा वैतागून म्हणाला, "साईं, निंबू निचोड़ना है, शादी का रिश्ता थोड़ी देख रहे हो!" आतल्या खोलीतल्या खोक्यातून त्यानं एक हिरवी पिळणी काढली. दांडी जाड, तोंड रुंद. भालेरावांनी ती दाबली आणि त्यांचे डोळे एकदम उघडले. "दुसरी आहे का?" म्हातारा म्हणाला, "आखरी पीस है."

येताना पिशवी माझ्या डिकीत टाकली. सोसायटीत उतरून ते बोलत बोलत वर निघून गेले. पिशवी डिकीतच राहिली.

संध्याकाळी त्यांचा फोन आला. "मोरेभाऊ, पिशवी डिकीत राहिली का?"

आता इथे मी काय बोललो ते सांगताना मला आजही कानकोंडं होतं. मी म्हणालो, "नाही हो. रस्त्यात कुठे पडली असेल."

फोन ठेवला आणि मला इतकं छान वाटलं की मी सुनंदाला भजी करायला सांगितली.

जयंतीच्या आदल्या दिवशी सकाळी भालेराव स्वतः दारात आले. "यंदा सरबत तुम्हीच करा. आमच्याकडून होणार नाही." मी तोंडदेखलं "अरेरे" म्हणालो. तासाभरानं मोठं पातेलं आणायला त्यांच्या घरी गेलो. जिना चढताना मी शीळ घालत होतो.

दार उघडंच होतं. आत जेवणाच्या टेबलाशी भालेराववहिनी बसल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होतो. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला, बोटं आत वळलेली. तोंडाची उजवी बाजू जरा उतरलेली. समोर लिंबांच्या फोडींची परात. डाव्या मुठीत एक फोड धरून त्या पिळत होत्या आणि रस भांड्यात कमी, कोपरापर्यंत जास्त ओघळत होता. भालेराव शेजारी फडकं घेऊन उभे होते.

"अगं, मोरेभाऊंना सांगून आलोय. नाहीतर मी पिळतो म्हणतोय ना," ते म्हणत होते.

"तुम्ही पिळलंत तर ते तुमचं सरबत," वहिनी सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाल्या. मग त्यांनी मला पाहिलं. "मोरेभाऊ ना? या. जय भीम."

मी जय भीम म्हणालो. वहिनींनीच सांगितलं. झटका येऊन चार वर्षं झाली. स्वयंपाकघर सुटलं. राहिलं एवढं लिंबू. भालेरावांनी एकेक पिळणी आणायची, तिला आतून स्प्रिंग बसवायची, म्हणजे दाबली की तोंड आपोआप उघडतं, दुसरा हात लागत नाही. वर्षातून एकदा ऐंशी लिंबं त्या एका हातानं पिळतात. सकाळपासून बसतात.

"मग सांगितलं का नाहीत कुणाला?" मी विचारलं.

"आजारी बाईनं केलंय म्हटल्यावर सगळेच छान म्हणतील," त्या म्हणाल्या. "मला सरबत कसं झालं ते कळायला हवं ना. म्हणून हे खाली उभे राहतात आणि मला वर येऊन सांगतात, कोण काय म्हणालं. तुमचं तर मी आधी विचारते. तुम्ही त्यातले जाणकार. दरवर्षी तीन ग्लास घेता म्हणे?"

मी भालेरावांकडे पाहिलं. ते फडक्याची घडी करत होते. घडी झाली, मोडली, पुन्हा केली.

काहीतरी पुटपुटून मी खाली पळालो, डिकी उघडली आणि पिशवी घेऊन धापा टाकत तीन मजले परत चढलो. "डिकीतच होती," मी म्हणालो. "मी खोटं बोललो होतो."

भालेराव फडकं टाकून पुढे आले. मला वाटलं, आता हा माणूस मला जिन्यावरून ढकलणार, आणि ढकललं असतं तर मी तक्रार केली नसती. पण त्यांनी पिशवी घेतली, खिशातून पक्कड काढली आणि म्हणाले, "स्प्रिंगला दहा मिनिटं लागतील. तोवर लिंबं कापा."

मी कापली. राहिलेली सगळी कापली. वहिनी पिळत होत्या, भालेराव फोडी पालथ्या ठेवून देत होते, आणि मधेमधे वहिनींच्या कोपरावरचा रस टिपत होते. त्या दोघांकडे बघताना मला पुन्हा जळायला लागलं. या वेळी सरबताचा संबंध नव्हता. मी कधी सुनंदासाठी पाच दुकानं डोळे मिटून फिरलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी निळ्या झेंड्यांखाली पातेलं मांडलं आणि पहिला ग्लास मी घेतला. काय सांगू! आंबट, गोड, मीठ, सगळं जिथल्या तिथे. मुठीनं पिळलेल्या माझ्या तीस वर्षांच्या सरबताला ही चव एकदाही आली नव्हती. दुसरा ग्लास प्यायलो, तिसरा प्यायलो. भालेराव पळीजवळ उभे राहून बघत होते. मी त्यांना म्हणालो, "यंदा तुम्ही थांबा, मी जाऊन सांगतो."

वहिनी दाराकडे तोंड करूनच बसल्या होत्या.

"वहिनी, माझ्यापेक्षा चांगलं झालंय. पुष्कळ चांगलं."

त्यांनी मला नीट न्याहाळलं. "खरं सांगताय, की हे सांगतात तसं सांगताय?"

म्हणजे बाईंना दोन वर्षं सगळं माहीत होतं.

"वहिनी," मी म्हणालो, "मी जळतोय हो. अगदी मनापासून जळतोय."

त्या हसल्या. अर्धंच तोंड हसलं, पण मोठ्यानं हसल्या, आणि म्हणाल्या, "मग ठीक."