वगीहकाकांची तब्येत आणि माझा टेम्पो

गाडी पेट्रोलवर चालते, हा गैरसमज आहे. आमच्या इजिप्तातल्या मन्सुऱ्यात ती मालकाच्या श्वासावर चालते.

पद्धत सरळ आहे. विकणारा गाडी घेणाऱ्याच्या नावावर करत नाही, मुखत्यारपत्र देतो. घेणारा पुढे विकतो, तोही मुखत्यारपत्रच देतो. नाव बदलायला खर्च येतो, आणि खर्च टाळणं हे सुज्ञ नागरिकाचं लक्षण होय. अशा रीतीने माझा मासळीचा टेम्पो वगीहकाकांकडून हाजी मेतवल्लींकडे, त्यांच्याकडून सोभी न्हाव्याकडे आणि त्याच्याकडून माझ्याकडे आला. कागदोपत्री तो अजून काकांचाच आहे. आणि काका तिकडे इटलीत, मिलानला पिझ्झा भाजतात.

काचेवरच्या तपासणी-स्टिकरची मुदत संपली की मी मुखत्यारपत्र दाखवून नवं आणतो. (तपासणीत दाखवावं लागणारं आग विझवायचं नळकांडं कचेरीच्या फाटकाबाहेर भाड्याने मिळतं. आग लागते तोवर ते परत केलेलं असतं.) अडचण एकच. मालक मेला की मुखत्यारपत्रही मेलं. मग स्टिकर नाही, टेम्पो नाही, माझ्या घरात चूल नाही. मी सोभीची मानगूट धरणार, सोभी हाजींची.

म्हणून आम्ही तिघांनी मालक-जतन समिती स्थापन केली. मिलानला रोज तीन फोन: सकाळी हाजी रक्तदाब विचारतात, दुपारी सोभी जेवण, रात्री मी गोळ्या.

"काका, काल थंडीत बिनटोपीचे बाहेर पडलात म्हणे?"

"अरे, कचरा टाकायला गेलो होतो, दारापर्यंत!"

"माझ्या पोरांच्या तोंडचा घास काढताय तुम्ही!"

समितीचं कार्य वाखाणण्याजोगं ठरलं. काकांची सिगारेट सुटली, पोट आत गेलं. तिथल्या डॉक्टरने विचारलं, घरी काळजी कोण घेतं? काका म्हणाले, "टेम्पो."

तरी जिवाला घोर तो घोरच. गेल्या उन्हाळ्यात काका गावी आले, तेव्हा मी मन घट्ट करून टेम्पो माझ्या नावावर करायला त्यांना कचेरीत नेलं. सगळा खर्च माझा. त्यांनी फक्त सही करायची. काकांनी पेन उचललं आणि खाली ठेवलं.

"नाही करत, जा."

"अहो काका, का पण?"

"दोन्ही पोरांच्या नावावर फ्लॅट केला. सही झाली आणि फोन बंद झाले. तू निदान गोळ्या विचारतोस."

मला आधी संताप आला, मग भडभडून आलं. काकांना घरी आणलं, बिनमिठाची मासळी वाढली. समितीचं काम पूर्ववत सुरू आहे.

हसताय? हसा. पण वडिलांना शेवटचा फोन कधी केलात? की घर झालं तुमच्या नावावर?