पूर्व स्टँड, पाळणा विभाग

टकर्सव्हिल कॉलेजचं फुटबॉल स्टेडियम पुन्हा वाढणार, ही बातमी गावाने नेहमीच्या गांभीर्याने स्वीकारली. अमेरिकेतल्या अलाबामा राज्याच्या त्या कोपऱ्यात दर काही वर्षांनी हे व्हायचंच. आरंभी मक्याच्या शेतात चार फळ्या टाकून लोक बसले. फळ्या पुरेनात म्हणून सिमेंटचा स्टँड आला आणि त्याच्या जिन्यासाठी लॅटिन विभाग गेला. मैदानावर दिवे लागले तशी वेधशाळेतून तारे दिसेनासे झाले. तारेच नाहीत तर वेधशाळा कशाला, म्हणून तिथे दक्षिण स्टँड उभा राहिला. ग्रंथालय मात्र कॉलेजने जपलं. ते उत्तर स्टँडच्या पोटात, स्वच्छतागृहांना लागून आहे, आणि सामन्याच्या शनिवारी त्याच्या दारापर्यंत रांग येते.

या खेपेला पाळणाघराचा नंबर लागला.

लिअ‍ॅन प्रुइटने नोटीस दोनदा वाचली. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, पण तेही सात महिन्यांच्या लेकीला, ओपलला, पाळणाघरात ठेवता येत होतं म्हणून. गावात दुसरं पाळणाघर नव्हतं. ते गेलं की नोकरीही गेली. ओपल झोपली की ती श्वास घेतेय ना, हे पुन्हा पुन्हा वाकून बघणाऱ्या लिअ‍ॅनने नवऱ्याला गाठलं. कोल्बी म्हणाला, हंगाम संपू दे, मग बोलू. त्या गावात लग्नं, शस्त्रक्रिया आणि घटस्फोट हंगाम संपल्यावरच होत.

मग ती सासूकडे गेली. मिस व्हॉनेटा (तिकडे वयस्क बायकांना, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात) शनिवारसाठी चिकन तळत होत्या. त्यांनी सुनेचं सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, माझ्या सासऱ्यांची राख मैदानावरच्या गोलपोस्टखाली आहे," त्या झारा झटकत म्हणाल्या. "तुझ्या पाळणाघराखाली कुणाची आहे?"

सून जाहीर सभेची तारीख विचारून निघाली.

जाहीर सभेत विस्तार-संचालक डॉ. ग्रिफ यांनी अडचण मांडली. स्टेडियमची आसनं गावाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त झाल्यामुळे काही आसनं रिकामी दिसतात. रिकाम्या आसनांमुळे प्रतिष्ठा घटते. प्रतिष्ठा वाढवण्याचा सिद्ध मार्ग म्हणजे आणखी आसनं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

लिअ‍ॅन उठली. 

"तान्ह्या मुलालासुद्धा तिकीट लागतं ना, सर?"

"नियम सर्वांना सारखा, मॅडम."

"मग पाळणाघर पाडता कशाला? उचलून स्टँडमध्ये ठेवा. जितके पाळणे तितके प्रेक्षक. आपण हरत असलो तरी मध्येच उठून जायचे नाहीत बिचारे."

हा टोमणा होता. पण कुणी हसलं नाही. डॉ. ग्रिफ यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ठराव मांडला. तो एकमताने मंजूर झाला. मिस व्हॉनेटांनी सुनेला सर्वांदेखत मिठी मारली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

पाळणाघर वाचलं. पूर्व स्टँडच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, वाऱ्यात. प्रत्येक पाळण्याला आसन क्रमांक मिळाला, प्रत्येक बाळाला कान झाकणारे जांभळे मफ. बाळांची झोप मध्यंतराला जोडण्यात आली. हे पाहून वृद्धाश्रमाने पश्चिम स्टँड मागितला, कारण तिथेही कुणी उठून जात नसे. सूतिकागृहाच्या अर्जावर तर डॉ. ग्रिफ स्वतः खूश होते: एका तिकिटावर आत आलेली बाई बाहेर जाताना दोन तिकिटांची होणार होती.

पहिल्या शनिवारी लिअ‍ॅन पाळण्याशेजारी बसली. कठडा पुरेसा उंच आहे का, मफ घट्ट तर नाहीत ना, वारा कुठून येतो. सामन्याकडे तिचं लक्षच नव्हतं. पण सामन्याची वेळ संपत आली, आपण चार गुणांनी मागे, शेवटचा प्रयत्न, गोलरेषा फक्त एक यार्ड लांब. आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं. समोरचं काही दिसेना, म्हणून लिअ‍ॅनही उभी राहिली. मग खुर्चीवर चढली.

नेमकी तेव्हाच ओपल रडू लागली. आधी कुरकुर, मग टाहो.

"थांब गं बाई जरा," लिअ‍ॅन मैदानावरची नजर न हलवता म्हणाली, "एकच यार्ड राहिलंय."

ओपल का रडत होती, हे त्या सगळ्या गर्दीत कुणी विचारलं नाही. तुम्हीही निकालच विचारणार, म्हणून सांगून टाकते: जिंकलो.