सरांच्या कमरेतली घोड्याची शेपटी

"कण्याच्या तळाशी काय काय आहे, ते मला माझ्या घरातल्या कपाटांपेक्षा जास्त पाठ आहे!" शरीररचना शिकवणारे सर दरवर्षी पहिल्याच तासाला छाती फुगवून सांगत.

त्या दुपारी सर वर्गासाठी नसांचा नमुना करत होते. मज्जारज्जू कमरेच्या वरच संपतो आणि तिथून खाली नसांचा झुबका लोंबतो, अगदी घोड्याच्या शेपटीसारखा. म्हणून त्याला नावही तेच! उलट्या बादलीवर बसून सर पांढरे दोरे ओवत राहिले ते तब्बल तीन तास. मग उठले, आणि तोंडचं पाणीच पळालं! बसायची जागा पार बधिर! स्वाराचं अंग खोगिराला टेकतं ना, नेमकी तेवढीच. शेपटी दाबली गेल्याची ही खूण, आणि ती दिसली की तडक दवाखाना गाठायचा, हे त्यांनीच इतकी वर्षं मुलांकडून घोकून घेतलेलं.

त्यांनी घाईघाईनं बायकोला फोन लावला. "अगं, घोड्याची शेपटी दाबली गेली!"

"अहो, पण तुम्ही घोड्याच्या मागे गेलातच कशाला?"

"मागे नाही गं, माझ्या कमरेत..."

"कमरेत लाथ घातली? अगं बाई!" आणि फोन बंद.

शिपायानं सरांना गाडीत पालथं घातलं. आता आयुष्यभर जिना चढता येणार नाही, या विचारानं त्यांचे डोळे भरून आले.

दवाखान्यात सिस्टर तयारच होत्या. "घोड्यानं लाथ मारली ते तुम्हीच ना?"

"घोडा नाही हो, नुसती शेपटी!"

"बरं बरं." सिस्टरना वाटलं, माणूस धक्क्यानं बरळतोय. "बाईंचा फोन आला होता. डॉक्टरांनी इंजेक्शन सांगितलंय. हलू नका." आणि त्याच बधिर जागी सुई टोचली.

"आई गंऽऽ!"

ती आरोळी ऐकून डॉक्टर धावत आल्या. सरांचीच जुनी विद्यार्थिनी! तिनं सगळं ऐकून घेतलं, पायाची बोटं हलवायला लावली, गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली.

"सर, बसला कशावर होतात?"

"बादलीवर," सर उशीत तोंड खुपसून म्हणाले.

"मग मुंग्या आल्यात, सर. नसा शाबूत आहेत. त्या आत्ता तीन मजल्यांना ऐकू आल्या!"

दुसऱ्या दिवशी वर्गात कुणीतरी प्रेमानं खुर्ची पुढे सरकवली.

"नको, नको," सर कंबर चोळत म्हणाले, "आजचा धडा उभ्यानंच चांगला समजतो."